मांडवीकाठचा मांड

गोव्यात मराठी नाटक देवळात वाढलं. जत्रा असो, काला असो की शिगमो, पालखी देवळात परतली की अग्रशाळेपुढच्या प्रांगणात गावच्या हौशी मंडळींचं नाटक उभं राही आणि पहाटेपर्यंत चाले. शाळामास्तर, दुकानदार, कुळागरात राबणारे गडी असे सगळे नट होते. स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करत आणि प्रेक्षकांतल्या निम्म्यांना नाट्यपदं तोंडपाठ असत. याच मुलखात, मंगेशीला, १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले आणि १९१८ मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेल्या गोवा हिंदु असोसिएशनने पुढे कलाविभागातर्फे १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणलं. मराठी रंगभूमीला गोव्याने किती दिलं, हे सांगायला एवढी नावंही पुरेत.

ख्रिस्ती गोव्याचं नाटक वेगळ्या वाटेने आलं. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकाझिन्यो रिबेरो यांनी ‘इटालियन भुर्गो’ सादर केलं आणि कोकणी तियात्र सुरू झालं. कामधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांचं हे नाटक. बोटीवरचे खलाशी, आचारी, बँडवाले त्याचे प्रेक्षक. मग तेच तियात्र गोव्यात परतलं आणि फेस्ताच्या दिवसांत चर्चजवळच्या मैदानात मांडव घालून रंगू लागलं.

म्हणजे नाटकाचं वेड दोन्हीकडे होतं आणि जागा दोन होत्या. देवळाच्या प्रांगणात तियात्र होत नव्हतं, चर्चच्या मैदानात संगीत नाटक होत नव्हतं. १८४३ पासून राजधानी असलेल्या पणजीत तर दोन्हीही उपरीच होती. सचिवालय, चर्चच्या पायऱ्या, फोंतइन्यासच्या रंगीत भिंती, नदीकाठचा रस्ता असं ते कारकुनांचं आणि व्यापाऱ्यांचं टुमदार गाव होतं. पोर्तुगीज अमदानीत इथल्या भद्र समाजाची कला म्हणजे पाश्चात्त्य संगीत. १९५२ मध्ये आंतोनियो द फिगरेदो यांनी पणजीत संगीताची अकादमी काढली, तीही त्याच परंपरेतली. पेडण्याच्या दशावतारी काल्यासारख्या किंवा सत्तरीच्या रणमाल्यासारख्या लोकनाट्याला राजधानीत हक्काचा कोपरा नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. मराठी आणि कोकणी, विलीनीकरणवादी आणि त्यांचे विरोधक या वादात घराघरांत फूट पडली होती. आता स्वतंत्र राहणार म्हटल्यावर गोव्याला स्वतःच्या संस्था उभ्या करणं भाग होतं. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली ती या पार्श्वभूमीवर. फिगरेदोंची संगीतशाळाही पुढे तिच्यातच सामावली गेली. शास्त्रीय गायन, तबला, व्हायोलिन, पियानो, मराठी नाटक, कोकणी नाटक, तियात्र, भजन हे सगळं एकाच संस्थेच्या अखत्यारीत आलं. कागदावर हे सोपं होतं. या सगळ्यांना खरोखर एका छपराखाली आणेल अशी इमारत मात्र कुठे नव्हती.

ते काम वास्तुविशारद चार्ल्स कोरियांकडे गेलं.

कोरिया मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. शिक्षण मुंबईत, मग अमेरिकेत मिशिगनला आणि एमआयटीत. साबरमतीच्या आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर हाती घेतलं आणि १९६३ मध्ये ते पुरं झालं. लहान लहान कौलारू चौक आणि त्यांच्या मधली उघडी अंगणं, एवढ्यावर उभी असलेली ती इमारत आजही पाहणाऱ्याला थांबवते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते नवी मुंबईच्या आखणीत गुंतले होते. त्यांचं सगळं काम एका साध्या निरीक्षणावर उभं आहे. थंड देशात इमारत म्हणजे बंद पेटी, कारण बाहेर बसवत नाही. आपल्याकडे सकाळी ओसरीवर, दुपारी माजघरात, संध्याकाळी अंगणात आणि उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर असा माणूस दिवसभर हलत असतो. तेव्हा भिंतींइतकाच विचार भिंतींमधल्या मोकळ्या जागेचा, डोक्यावरच्या आभाळाचा व्हायला हवा, असं ते मानत.

गोव्याच्या घरांत हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या होतंच. हिंदू घरात मधोमध राजांगण असतं आणि ख्रिस्ती घरापुढे बाल्कांव. बाल्कांवात बसलेला माणूस घरातही असतो आणि रस्त्यावरही. जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलायला त्याला दार उघडावं लागत नाही.

कला अकादमीचं डिझाइन १९७३ चं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बांदोडकर गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, १९७९ मध्ये त्यांचं सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली, मग १९८० मध्ये प्रतापसिंह राणे यांचं सरकार आलं. इतक्या राजकीय उलथापालथीतून इमारत हळूहळू वर येत राहिली आणि १९८३ मध्ये पुरी झाली. सरकारी बांधकामाला दहा वर्षं लागण्यात आपल्याकडे नवल नाही. सरकारं बदलूनही मूळ आराखडा शाबूत राहिला, याचं मात्र मला फार मोल वाटतं.

जागा कांपालची होती, जुन्या पणजीच्या पश्चिमेला. एका बाजूला मोठाल्या झाडांचा रस्ता, दुसऱ्या बाजूला मांडवी, पलीकडच्या काठावर वेरें आणि रेइश मागूशचा किल्ला. अशा जागी कोणाही वास्तुविशारदाला भव्य दर्शनी भाग उभारायचा मोह झाला असता. खांबांची रांग, उंच जिना, मध्यभागी महाद्वार, असा राजधानीला शोभेसा थाट करता आला असता. कोरियांनी इमारत झाडांच्या उंचीखाली ठेवली. रस्त्याकडून येताना आधी दिसते ती वरची उघडी जाळीदार मांडणी, पर्गोला. तिच्या सावलीतून माणूस आत शिरतो, आणि आपण नक्की कुठल्या क्षणी आत आलो हे त्याला सांगता येत नाही. एका हाताला मुख्य नाट्यगृह, दुसरीकडे खुलं प्रेक्षागार, मध्ये कलादालन, वर संगीताचे आणि नाटकाचे वर्ग. सरळ चालत राहिलं की कँटीन लागतं, मग नदी. कला अकादमीला रस्त्यावरून नदीवर जाण्याचा रस्ता करून टाकलं, हे कोरियांचं सर्वांत धाडसी पाऊल होतं. तिकीट नसलेल्या माणसालाही या इमारतीत काम होतं.

आत तीन रंगमंच होते. सुमारे हजार आसनांचं बंदिस्त नाट्यगृह, त्याला दीनानाथ मंगेशकरांचं नाव. सुमारे दोन हजार माणसं मावतील असं, चिऱ्याच्या पायऱ्यांचं खुलं प्रेक्षागार. आणि प्रायोगिक नाटकांसाठी एक ब्लॅक बॉक्स, म्हणजे काळी, चौकोनी, कसलीही कायमची मांडणी नसलेली खोली. हजारांचं नाट्यगृह व्यावसायिक नाटकाला आणि मैफलीला, दोन हजारांचं अंगण उत्सवाला, आणि शंभरेक डोळ्यांपुढे काही नवं करून पाहायचं असेल तर काळी खोली. नाटकवाल्यांच्या गरजा किती तऱ्हांच्या असतात, हे ओळखून केलेली ही वाटणी होती.

मुख्य नाट्यगृहाच्या भिंतींपाशी जरा थांबायला हवं. त्या रंगवल्या मारियो मिरांडांनी. लोटलीला राहणारे, गोव्याच्या गावगाड्यातला एकेक नमुना रेषेत पकडणारे मारियो. त्यांनी दोन्ही बाजूंना जुन्या गोव्यातल्या एखाद्या थिएटरचे सज्जे चितारले आणि सज्ज्यांत माणसं बसवली. नटूनथटून आलेल्या बायका, पोटं सुटलेले भाटकार, इकडेतिकडे पाहणारी पोरं. प्रयोगाला वीस माणसं आली तरी नाट्यगृह रिकामं वाटू नये, अशी ही सोय. कोरियांना हा चित्रभ्रमाचा खेळ आवडे. दोना पावलाजवळच्या त्यांच्या ‘सिदाद द गोवा’ हॉटेलातही रंगवलेल्या खिडक्या, रंगवलेली दारं आहेत. पण अकादमीत त्या चित्रांना अधिक अर्थ आला. राजधानीच्या नाट्यगृहात पहिले, कायमचे प्रेक्षक म्हणून गोव्याचा साधा समाज भिंतीवर जाऊन बसला.

त्याच सुमारास, १३ फेब्रुवारी १९८२ रोजी, भोपाळमध्ये कोरियांचंच भारत भवन खुलं झालं होतं. तिथेही तलावाकाठचा उतार, जमिनीत उतरणाऱ्या गच्च्या, एक बंदिस्त रंगमंच आणि एक उघडा. तिथल्या रंगमंडळाची सूत्रं ब. व. कारंत यांच्याकडे होती. याच कारंतांनी १९८९ मध्ये म्हैसूरला रंगायण उभं केलं आणि तिथेही वनरंगाचा खुला मंच नाटकाचा अविभाज्य भाग झाला. ऐंशीच्या दशकात भारतीय रंगभूमी पाश्चात्त्य चौकटीच्या रंगमंचाबाहेर पडू पाहत होती, अंगण आणि पार शोधत होती. कोरियांच्या इमारती त्या शोधाला वेळेवर भेटल्या. भोपाळच्या मागे मात्र मोठं सरकारी पाठबळ आणि देशभरातून आलेले कलावंत होते. पणजीची इमारत चालवली ती सत्तरी, पेडणे, काणकोण, फोंड्याच्या हौशी माणसांनी.

कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेचा दिवस पाहिला की हे लगेच कळतं. दुपारी इमारतीच्या मागच्या अंगाला ट्रक लागतो. गावातून आणलेले फ्लॅट, लेव्हल्स, एखादं खरं तुळशीवृंदावन, घरून उचललेली आरामखुर्ची उतरते. ज्याने काल संध्याकाळपर्यंत बँकेत काउंटर सांभाळला, तो विंगेत उभा राहून नेपथ्याचे खिळे ठोकतो. ग्रीनरूममध्ये कोणाचा तरी फेटा सुटलेला असतो. संध्याकाळी गावातून बस भरून माणसं येतात, आपल्या नटाच्या पहिल्या एन्ट्रीला टाळी देतात आणि परीक्षकांच्या पाठीकडे बघत बसतात. मध्यंतरात सगळे कँटीनकडे सुटतात. चहा, भजी, भाजी-पाव आणि नाटकाची चिरफाड. आधीच्या संघाचे नट, उद्याच्या संघाचा दिग्दर्शक, वरच्या मजल्यावरून व्हायोलिनचा वर्ग सुटलेली मुलं आणि तियात्राची तालीम आटोपून आलेले गायक एकाच कठड्यावर टेकलेले असतात.

पणजीला अशी संध्याकाळ आधी नव्हती. २०११ च्या जनगणनेतही शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात होती. दिवसा कचेऱ्यांनी गजबजणारं, पाच वाजता मोकळं होणारं हे गाव. अकादमीने पणजीच्या संध्याकाळला एक ठिकाण दिलं. केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह इथे रुजला आणि किशोरवयात गायन शिकणाऱ्या गोव्यातल्या मुलांना देशातले थोर गवई दहा पावलांवरून ऐकायला मिळाले. मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाच्या भजन स्पर्धेने गावोगावच्या भजनी मंडळांना हजार माणसांपुढे गायची संधी दिली. अकादमीच्या नाट्यविद्यालयातून शिकलेली पोरं पुढे शाळाशाळांत नाटक शिकवू लागली.

या सगळ्याचा काळही ध्यानात घ्यायला हवा. १९८५ ते १९८७ या वर्षांत राजभाषेच्या आंदोलनाने गोवा पेटला होता. रस्ते अडवले गेले, घरं जळली, काही जणांचे बळी गेले. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा मंजूर झाला, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं, पण मनातली तेढ तेवढ्याने मिटली नाही. वर्तमानपत्रं वेगळी, व्यासपीठं वेगळी, लेखक वेगळे. अशा समाजात मराठी नाट्यस्पर्धा, कोकणी नाट्यस्पर्धा आणि तियात्र स्पर्धा वर्षानुवर्षं एकाच पडद्याआड होत राहिल्या. कोरियांनी भाषावाद सोडवला असं कोणी म्हणणार नाही. इतकं मात्र झालं, की ज्यांना एकमेकांची नाटकं पाहायची सवय नव्हती त्यांना एकमेकांच्या तालमी कानावर पडू लागल्या. प्रकाशयोजनाकार, नेपथ्यकार, रंगभूषाकार तर दोन्हीकडे तेच होते. मराठी नाटकातला नट तियात्रात दिसू लागला, तियात्रातला विनोदी नट कोकणी एकांकिकेत आला. देऊळ आणि चर्च यांच्या आवारात जे शक्य नव्हतं, ते कांपालच्या या उघड्या अंगणात सहज होऊन गेलं.

२००४ मध्ये भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव कायमचा गोव्यात आला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीपासून कला अकादमीपर्यंतचा नदीकाठ महोत्सवासाठी सजू लागला. पणजीला जगाच्या नकाशावर जागा मिळाली, अकादमीला नवी यंत्रणा आणि डागडुजी मिळाली. त्याबरोबरच दरवर्षी काही दिवस प्रवेशपत्रांची, कठड्यांची, सुरक्षा तपासणीची वहिवाट आली. दाराविना बांधलेल्या इमारतीला तात्पुरतं दार बसलं.

खरा शत्रू मात्र वेगळाच होता. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मांडवीच्या मुखाकडून खारा वारा येतो. मीठ काँक्रीटमध्ये झिरपतं, आतल्या सळयांना गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटू लागतं. बाहेरून भिंत धड दिसते तेव्हा आत हे काम वर्षानुवर्षं चालू असतं. उघड्या इमारतीला बंद इमारतीपेक्षा अधिक निगा लागते. ती निगा वेळच्या वेळी झाली नाही. गळती लागली की वर पत्रा किंवा लेप, इतक्यावर भागवलं गेलं. कोरिया जून २०१५ मध्ये वारले, तोवर त्यांची पणजीतली इमारत तिशी ओलांडून थकली होती.

२०१९ मध्ये सरकारकडून खुलं प्रेक्षागार धोकादायक झाल्याचं आणि ते पाडण्याचं बोलणं सुरू झालं. गोव्यात खळबळ उडाली. कोरियांनी हयातीतच २०११ मध्ये पणजीत स्थापन केलेलं चार्ल्स कोरिया प्रतिष्ठान पुढे आलं, देशभरातल्या वास्तुविशारदांनी पत्रं लिहिली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. पाडण्याचा विचार मागे पडला, दुरुस्ती ठरली. २०२१ मध्ये अकादमी बंद झाली आणि पत्र्यांच्या कुंपणाआड गेली.

दोन वर्षं गोव्याचं नाटक राजधानीबाहेर राहिलं. फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर, मडगाव, कुडचडे, साखळीची रवींद्र भवनं यांनी स्पर्धा आणि प्रयोग सांभाळले. रवींद्र भवनं ही एका अर्थी अकादमीचीच संतती. अकादमीने प्रेक्षक घडवला म्हणून तालुक्यांतून नाट्यगृहांची मागणी झाली. तिथे खुर्च्या चांगल्या आहेत, यंत्रणा नवी आहे. पण प्रयोग संपला की माणूस गाडी काढून घरी जातो. नाटकाआधी आणि नाटकानंतर रेंगाळायला जागा लागते, आणि ती जागा नाट्यगृहाइतकीच विचारपूर्वक बांधावी लागते, हे त्या दोन वर्षांत पुष्कळांना जाणवलं.

१७ जुलै २०२३ च्या पहाटे, दुरुस्ती चालू असतानाच, खुल्या प्रेक्षागाराच्या रंगमंचावरचं छत कोसळलं. वेळ पहाटेची म्हणून जीवितहानी टळली. जे छत वाचवण्यासाठी चार वर्षं लढाई झाली, ते दुरुस्तीच्या काळातच खाली आलं. विधानसभेत रणकंदन झालं, चौकशा झाल्या, तज्ज्ञांचे अहवाल आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, चित्रपट महोत्सवाच्या तोंडावर, अकादमीचं उद्‌घाटन पुन्हा झालं.

नाटकवाले आत गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. आवाज नीट पोचत नाही, प्रकाशयंत्रणा नाटकाच्या कामाची नाही, गळती आहेच. ‘कला राखण मांड’ या नावाखाली कलावंतांनी आवाज उठवला. मराठी नाटकवाले, कोकणी लेखक, तियात्रिस्त, संगीतकार एकाच मागणीसाठी एकाच मंचावर उभे होते. चाळीस वर्षं एकाच कठड्यावर चहा प्यायलेल्या माणसांना एकत्र यायला वेगळ्या ओळखी करून घ्याव्या लागल्या नाहीत. २०२४ मध्ये सरकारने ज्येष्ठ दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं आणि दोषांची तपासणी रंगकर्मींच्या सहभागाने सुरू झाली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. पुण्याचं १९६८ चं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं संकुल उभारण्याचा प्रस्ताव गेली कित्येक वर्षं डोकं वर काढतो आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१५ मध्ये खुलं केलेलं पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत जळालं. तिथेही नाट्यगृहाला पाठ लावून खासबाग कुस्ती मैदान आहे आणि दोन्ही मिळून कोल्हापूरची एक संध्याकाळ घडत आली आहे. आग विझताच शहराने मागणी केली ती नाट्यगृह होतं तसं बांधण्याची.

पणजीत मागणी याहून अवघड आहे. कोरियांच्या इमारतीत वाचवायचं आहे ते बरंचसं अंदाजपत्रकाच्या रकान्यात न बसणारं आहे. ध्वनियंत्रणा, दिवे, जलरोधक लेप यांची किंमत काढता येते. रस्त्यापासून नदीपर्यंतचा अडथळ्याविना जाणारा मार्ग, पर्गोल्याखालची सावली, कँटीनचा कठडा, चिऱ्याच्या पायऱ्यांवर फुकट बसायची मुभा यांची निविदा निघत नाही. म्हणून दुरुस्तीचं काम ज्यांच्या हाती असेल त्यांच्या शेजारी मूळ नकाशे आणि ते वाचू शकणारा वास्तुविशारद बसलेला असणं अत्यावश्यक आहे. असा वास्तुविशारद कुठे दूर शोधायला नको. कोरियांचं प्रतिष्ठान पणजीतच आहे, अकादमीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर.